शिवणारीचा तुकडा

ये, जवळ बस. कागदावर लिहिते आहे म्हणून काय झालं, तू समोर बसली आहेस असं धरूनच लिहिते. अक्षर मुद्दाम मोठं काढलंय. मराठी वाचताना तू अजून ओळीखाली बोट धरतेस, ठाऊक आहे मला. कलकत्त्यात वाढलेल्या पोरी तुम्ही. बंगाली फडाफडा बोलाल, इंग्रजी त्याहून, आणि मराठी आली की अडखळाल. त्याचा राग नाही. राग दुसऱ्या गोष्टीचा आहे, तो आधी काढून टाकते.

आईच्या जुन्या साड्या बासनवालीला, म्हणजे बोहारणीला, दिल्यास म्हणे. एका स्टीलच्या डब्यावर. काय ठेवणार आहेस त्या डब्यात, बिस्किटं? तुझ्या आईनं अंगावर वागवून वागवून मऊ केलेलं कापड ते. मला एकदा विचारायचंस तरी. तुझ्याच गल्लीच्या तोंडाशी राहते मी, काय विलायतेत राहत नाही. पण तुम्हाला वेळ कुठे. असो, गेल्या त्या गेल्या. जुन्या कापडाचं काय होतं, हे तुला कुणी सांगितलेलंच नाही. आता सांगते. मध्ये उठू नकोस.

कात्री माझ्यासमोर फरशीवर ठेवली गेली. हातात दिली नाही. फरशीवर ठेवली आणि पायाच्या बोटानं जराशी पुढे सरकवली.

बालीगंजातलं मोठं घर. दिवाणखान्यात पाळणा टांगलेला, त्याला झेंडूच्या माळा. आपल्या मराठी बायका दाटीवाटीनं बसलेल्या. जरीच्या साड्या, नथी, ताटांत घुगऱ्या. बारसं होतं. आणि मी तेरा-चौदा वर्षांची, त्या दिवाणखान्यात जन्मात पहिल्यांदा पाऊल टाकलेली. मांडीवर बाळाचं नवंकोरं दुपटं.

त्या घरच्या मालकीण, बाईसाहेब, म्हणाल्या, “उसव. तेवढा तुकडा काढ आणि आईला परत दे तुझ्या.”

माझी आई उंबऱ्याबाहेर उभी होती. तिला आत घ्यायचं नव्हतं, म्हणून मला घेतलं. मी शाळेत जायचे, अंगात धुतलेला फ्रॉक होता. मी चालवून घेण्यासारखी होते.

आता आम्ही कोण, ते सांगते. आम्ही मातंग. साताऱ्याकडच्या गावी आमची माणसं दोरखंड वळायची, केरसुण्या बांधायची. लोक मांग म्हणायचे, आणि कसं म्हणायचे ते लिहून दाखवता येत नाही. माझे वडील खिदिरपूरच्या गोदीत कस्टम्सच्या कचेरीत शिपाई. साहेब मराठी, आपल्याकडचेच. त्यांच्या बंगल्यामागे गाडीच्या शेडला लागून एक खोली होती, ती आम्हाला दिलेली. त्या खोलीच्या बदल्यात आई त्यांच्या घरचं बाहेरचं काम करायची. अंगण, मोरी, कपडे. स्वयंपाकघर तिनं कधी आतून पाहिलं नाही. आमची जात काय, हे इथल्या मराठी मंडळातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. कुणी तोंडानं म्हणत नसे. कलकत्त्यात सगळे सुधारलेले होते.

आणि आई वाकळी शिवायची. बाईसाहेब गोधडी म्हणायच्या, आई वाकळ. इथल्या थंडीत बाजारातली रजाई जड होते, घाम येतो. आपल्या लोकांना घरच्या जुन्या लुगड्यांची गोधडीच हवी असायची, आणि ती शिवणारं कलकत्त्यात दुसरं होतं कोण? म्हणून बाईसाहेबांच्या मैत्रिणी त्यांच्याकडे जुन्या साड्यांची गाठोडी पाठवायच्या. आई अंगणात चटई टाकायची. साड्या फाडून, थर लावून, कडेनं टाका घालत घालत मधे यायची. इकडून तिकडून एकसारखा धावदोरा, जसं शेतात तास पडतात तसा.

शिवून झाली की गोधडी आधी मोठ्या पातेल्यात उकळत्या पाण्यात बुडवली जायची. मग दोरीवर दोन उन्हं खायची, मगच घरात. मला वाटायचं स्वच्छतेसाठी. तसंच सांगायचे.

आईची एक रीत होती. तिच्या आईची, आजीची होती. वाकळ दुसऱ्याची असली तरी शिवणारीनं आपल्या अंगावरच्या कापडाचा एक तुकडा तिच्यात घालायचा. अगदी मधे, थरांच्या आत, दिसायचा नाही असा. का, तर पांघरणाऱ्याला ऊब फक्त कापडाची मिळू नये, माणसाची मिळावी. आई असं सजवून नाही सांगायची. ती म्हणायची, “रिकामी वाकळ दिऊ न्हाई कुनाला.” बस. तिला नवं लुगडं वर्षातून एकदा मिळायचं, दिवाळीला. जुनं त्या वाकळींतच संपायचं, तुकडा तुकडा होऊन.

बाईसाहेबांची मुलगी, तिला मी ताई म्हणायचे. ताई लहान असताना शाळेतून आली की दप्तर टाकून मागच्या अंगणात पळत यायची. आई शिवत असायची, आणि ताई त्या अर्ध्या वाकळीवर आडवी पडायची. तिथेच झोपायची. मग आतून हाक आली की उठायची, आंघोळ करून आत जायची. आम्हाला वाटायचं श्रीमंतांची मुलं दोनदा आंघोळ करतात.

त्या ताईला मुलगा झाला. बांगलादेशची लढाई झाली ना, त्याच्या आधीच्या हिवाळ्यातली ही गोष्ट. आईला कुणी सांगितलं नव्हतं तरी तिनं दुपटं शिवायला घेतलं. ताईच्या परकरांचं कापड, बाईसाहेबांच्या सुती साड्या, साहेबांचं एक धोतर. आणि माया किती वेडी असते बघ. इतकी वर्षं जो तुकडा आत दडवून शिवला, तो तिनं या वेळी वर लावला. मधोमध. हिरव्या लुगड्याचा, तांबड्या काठाचा चौकोन. बाळाची पाठ जिथं टेकेल तिथं. मी म्हटलं, आई, दिसेल ना. ती हसली. म्हणाली, ताईचं लेकरू हाय, त्येच्यापास्नं काय लपवायचं.

एवढीच चूक तिची. आपलं मानलं.

बारशाला बाळ पाळण्यात घालायचं म्हणून दुपटं उघडलं. “कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या” चाललेलं. शेजारच्या एका बाईनं दुपट्याकडे पाहिलं आणि हसत हसत म्हणाली, अहो, हा काठ तर तुमच्या मागच्या बाईच्या लुगड्याचा. रोज बघते की मी दोरीवर. ती वाईट हेतूनं म्हणाली नसेल. सगळ्या हसल्या. बाईसाहेब नाही हसल्या. त्यांनी दुपटं बोटांच्या चिमटीत उचललं आणि दारापर्यंत आल्या.

“हे तुझं आहे?”

आईनं पदर सावरला. आनंदानं सांगितलं गं तिनं. मला आजही तो तिचा आवाज ऐकू येतो, शाबासकी मिळणार असल्यासारखा. म्हणाली, “व्हय बाईसाहेब. आमची रीत हाय. शिवणारीचा एक तुकडा घालायचा असतो.”

“आमच्या गोधड्यांतही घातलास?”

आता खोटं बोलता आलं असतं. कुणाला कळणार होतं, आतल्या थरात कोण बघतंय? आई म्हणाली, “समद्यांच्याच.”

एका बाईनं घुगऱ्यांचं ताट खाली ठेवलं, त्याचा आवाज झाला. दोन-तीन जणींनी आपल्या अंगाकडे पाहिलं, हाताकडे, जसं काही चिकटलंय.

मला तेव्हा समजलं, ते उकळतं पाणी कशासाठी होतं. आईचे हात धुऊन काढता येत होते. तुकडा धुऊन काढता येत नव्हता.

मग कात्री आली. मी उसवलं. हो, मी उसवलं. बाळ रडत होतं, मुहूर्त टळत होता, इतक्या बायका बघत होत्या, आणि मी पोरगी होते. आईचा टाका इतका बारीक की कात्रीचं टोक खाली जाईना. मी नखानं ओढत होते. एक टाका तुटला की पुढचा घट्ट व्हायचा. वर मान करून मी एकदाच पाहिलं, ताईकडे. ती पाळण्याशेजारी पाटावर बसलेली, मांडीवर बाळ. ती बाळाच्या टोपड्याची नाडी बांधत होती. बांधून झाली तरी पुन्हा सोडून बांधत होती.

तुकडा निघाला. दुपट्याला मधे भोक पडलं. बाईसाहेबांनी ते तसंच गुंडाळून कोपऱ्यात टाकलं आणि कपाटातून विकतचं लोकरीचं काढलं. मी तुकडा मुठीत घेऊन बाहेर आले. आईनं घेतला. झटकला. कनवटीला खोचला. म्हणाली, चल, भांडी पडलीत.

मला वाटलं झालं. कुठलं झालं.

दुसऱ्या दिवसापासून गोधड्या परत यायला लागल्या. मोलकरणींच्या हातून, ड्रायव्हरच्या हातून, एकदा रिक्षातून. बालीगंजातून, भवानीपुरातून. शेडच्या दारात ढीग लागला. निरोप सगळ्यांचा सारखाच, गोड शब्दांत. तेवढं काढून द्या हं, घाई नाही. घाई नाही म्हणायच्या आणि थंडीचे दिवस. एकच आली नाही. शाळेत शिकवणाऱ्या एक बाई होत्या, एकट्या राहायच्या. त्यांनी सांगून पाठवलं, माझी गोधडी मी देणार नाही, मला थंडी वाजते. आई त्यावर हसली होती. त्या सगळ्या दिवसांत तेवढंच.

आई बसायची आणि उसवायची. जिथं बसून शिवलं त्याच चटईवर. मधले टाके सोडायचे, दोन बोटं आत घालायची, चाचपायचं, आपला तुकडा बाहेर ओढायचा. मग वरून मांजरपाटाचं ठिगळ. तिला प्रत्येक तुकडा ओळखू यायचा. ह्ये तुझ्या बाळंतपनाच्या वक्ताला नेसलेलं लुगडं. ह्ये गावाकडनं येताना नेसलेलं. ह्ये तुझी आजी गेली तवाचं. मी शाळेतून आले की शेजारी छोटा ढीग असायचा, हिरवा, जांभळा, विटका. तिचं सगळं आयुष्य लोकांनी पांघरलं होतं आणि आता परत करत होते. रडली नाही ती. मी म्हटलं, नको ना उसवूस, ठेव तशाच, काढलं म्हणून सांगू. ती म्हणाली, त्यांना नको असंल तर आपन कशाला राहायचं तिथं.

वडील संध्याकाळी यायचे, ढिगाला वळसा घालून आत जायचे. त्यांच्या तोंडून मी या गोष्टीबद्दल एक शब्द ऐकला नाही, मरेपर्यंत.

होळीच्या सुमाराला बाईसाहेबांनी मला बोलावलं. त्या मंडळाच्या महिला विभागाच्या अध्यक्ष. पुण्याहून कुणी मोठे विद्वान येणार होते, त्यांचं व्याख्यान ठेवलेलं, लोककला आणि समाज असा काहीसा विषय. हॉलमध्ये छोटं प्रदर्शन मांडायचं होतं. जात्याची ओवी म्हणायला कुणी बाई तयार झाली होती. रांगोळी होती, रुखवत होतं. आणि गोधड्या. आईच्या. ठिगळ लावलेल्या. शिवाय स्टेजच्या कडेला चटई टाकून एक मुलगी गोधडी शिवत बसलेली हवी होती, म्हणजे देखावा जिवंत वाटेल. आई नको, ती फार साधी दिसते म्हणाल्या. मला नऊवारी नेसवणार होत्या, नथ घालणार होत्या.

मी हो म्हटलं. खरं सांगते, मला नथीचा मोह पडला.

हॉल भरला होता. बँकेतले, रेल्वेतले, फोर्ट विल्यममधले लष्करी अधिकारी, त्यांच्या बायका. आम्हाला मागच्या दारानं आत घेतलं. मी चटईवर बसले, सुई चालवत होते. पाहुणे चांगले बोलत होते. आवाज भारी, माणूस सज्जन. म्हणाले, राजे येतात आणि जातात, राज्य बुडतं, कायदे बदलतात, पण समाज टिकतो तो अशा कलांवर. मग गोधडीकडे हात केला. म्हणाले, ही बघा. इथे कापडाला कुणी जात विचारत नाही. रेशमाशेजारी सुती आहे, नव्याशेजारी जुनं. काही वाया जात नाही, कुणी वगळलं जात नाही. असा समाज आपल्याला उभा करायचा आहे.

टाळ्या पडल्या. बाईसाहेबांनी वाजवल्या, पहिल्या रांगेत. ताई होती, तिनंही.

माझ्या बोटात सुई गेली. रक्त आलं नाही, पण मी थांबले. पाहुण्यांना वाटलं मी ऐकते आहे. ते प्रेमानं वाकले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “सांग बरं बाळ, या गोधडीत कुणाकुणाच्या साड्या आहेत?”

मी म्हटलं, “सगळ्यांच्या आहेत. शिवणारीची नाही. ती उसवून घेतली.”

तुला वाटेल, हॉल सुन्न झाला असेल, कुणाच्या तरी माना खाली गेल्या असतील. तसं काही झालं नाही गं. बऱ्याच जणांना ऐकूच गेलं नाही. ज्यांना गेलं त्यांतल्या बाईसाहेब हसून म्हणाल्या, “तिला जरा जास्त बोलायची सवय आहे.” लोक हसले. पाहुणेही हसले, छान छान म्हणाले, आणि पुढच्या मुद्द्याकडे वळले. असं असतं ते. खरं बोलल्यावर छत कोसळत नाही. पंखे फिरत राहतात.

मी सुई कापडात टोचून ठेवली आणि उठले. बाईसाहेब दातांआडून म्हणाल्या, बस खाली, ओवी व्हायची आहे अजून. मी म्हटलं, मी शिवणार नाही. आवाज मोठा नव्हता माझा. पण मागच्या दारानं गेले नाही. पायऱ्या उतरून, खुर्च्यांच्या मधल्या वाटेनं, सगळ्यांच्या समोरून गेले. मधल्या वाटेत नथ काढली आणि एका रिकाम्या खुर्चीवर ठेवली.

बाहेर आले तर लक्षात आलं, अंगावर त्यांचीच नऊवारी, पायात चप्पल नाही. ट्राममध्ये चढले. भिंती तेव्हा घोषणांनी रंगलेल्या असायच्या, रस्त्यात कधी काय होईल नेम नसायचा, लोक आपापल्या धाकात. तरी सगळे माझ्याकडेच बघत होते. कंडक्टरनं विचारलं, “कोन जात्रा दल, दिदि?” त्याला वाटलं मी नाटक कंपनीतली, खेळ संपवून निघालेय. मी म्हटलं, दल नाही, एकटीच. त्यानं तिकीट मागितलं नाही.

घरी आईनं मला पाहिलं. मी सगळं सांगितलं, धापा टाकत. मला वाटलं ती जवळ घेईल. तिनं नऊवारी सोडवायला लावली, घडी घातली, सुरकुत्या हातानं दाबल्या. मग म्हणाली, “तू बोललीस ते खरं हाय. पण खरं बोलायला माझं घर का वापरलंस?”

याचं उत्तर मी आजही शोधते आहे.

बाईसाहेब ओरडल्या नाहीत, हाकललं नाही. मोठ्या घरातली माणसं ओरडत नाहीत. नव्या ड्रायव्हरला खोली लागणार आहे असं कळलं, एवढंच. वडिलांची नोकरी सरकारी, ती राहिली. छप्पर गेलं. ताई त्या दिवशी गच्चीत उभी होती, आमचं सामान ठेल्यावर चढताना. हात वर केला होता तिनं. केस वाळवत होती की निरोप देत होती, कोण जाणे.

खिदिरपुरात गोदीच्या अलीकडे एका चाळीसारख्या घरात खोली मिळाली. पत्रा वर. आई शिवायची थांबली. सुया तेलाच्या बुधलीत टाकून ठेवल्या, गंजू नयेत म्हणून, पण काढल्या नाहीत. तिचे हात रिकामे असायचे आणि तिला ते कुठे ठेवावेत कळायचं नाही. मांडीवर ठेवायची, मग पदराखाली.

पुढे लढाई झाली. सीमेपलीकडून माणसं आली, लोंढेच्या लोंढे. आमच्या जिन्याखालच्या जागेत एक बाई येऊन राहिली, खुलन्याची. तिला सगळे खुलनार मासी म्हणायचे. येताना तिनं काय आणलं, तर एक कांथा. जुन्या साड्यांची, पातळ, वर रंगीत दोऱ्याची माशांची नक्षी. घर गेलं, जमीन गेली, कांथा अंगाला गुंडाळून आली. आई जिन्यावरून रोज तिच्याकडे बघायची. भाषा कळेना दोघींना. एक दिवस आई खाली उतरली, कांथा उलटी केली, मागचे टाके बघितले. मासीनं तिच्याकडे पाहिलं. बायकांना असं काही सांगावं लागत नाही. दुसऱ्या दिवशी बुधलीतून सुई निघाली.

मग जिन्यात बायका जमायला लागल्या. बिहारी हमालाची बायको, समोरच्या शिंप्याची म्हातारी बहीण, वेगवेगळे देव मानणाऱ्या बायका. पावसाळ्यात जिन्यात पाणी यायचं तेव्हा वरच्या पायऱ्यांवर. ज्यांच्याकडे काही नव्हतं त्यांच्यासाठी शिवत होत्या, ज्यांच्याकडे थोडं होतं त्यांच्या चिंध्यांतून. वीज जायची, तान्ही पोरं रडायची, भांडणं तर रोजची. दोरा कुणी संपवला, माशाचं डोकं कुणी ढापलं. पण त्या गल्लीत कुणाची चूल पेटली नाही तर ते जिन्यात कळायचं, आणि जिन्यात कळलं की पेटायची. कुणी व्याख्यान दिलं नव्हतं तिथे. त्या व्याख्यानातलं जे होतं, ते तिथे होतं.

आणि तिथेच मला ते दिसलं. त्यासाठीच एवढं लिहिते आहे.

मासी एक कांथा पुरी करत होती. त्यांच्यातही तशीच काहीतरी रीत असावी, नाहीतर आईनंच खुणांनी सांगितली असावी. तिनं प्रत्येकीकडून एक एक तुकडा घेतला. सगळ्यांनी दिला. मग ती आईकडे वळली, आईच्या पदराचा काठ हातात धरला, कात्री दाखवली, हसून म्हणाली, “दाओ.” दे.

आईनं पदर ओढून घेतला. झटक्यानं. मागे सरकली, भिंतीला टेकली. पदर छातीशी गोळा केला आणि म्हणाली, “नको. माझं नको.”

मासीला वाटलं लुगड्याची काळजी. तिनं सोडून दिलं. मी सोडू शकले नाही. आईचे डोळे मी पाहिले. तिथं कुणी तिला नको म्हणत नव्हतं. हात पुढे करून मागत होतं. आणि तिला वाटत होतं, तिच्या कापडानं ती कांथा बाटेल. बाईसाहेबांनी दुपट्यातून तुकडा काढला तो बालीगंजात. आईच्या आतून काय काढलं ते खिदिरपुरात दिसलं. ते पुन्हा शिवता आलं नाही. मी किती वेळा म्हटलं, घाल ना आई, आता कोण आहे विचारणारं. ती मान हलवायची. ती गेली तोपर्यंत कितीतरी वाकळी तिच्या हातून झाल्या. सगळ्या उबदार. सगळ्या तिच्याविना.

स्टेजवरून उतरले तेव्हा मी मोठं काही केलं असं मला वाटत होतं. त्या दिवशी जिन्यात कळलं की ते पुरेसं नव्हतं. अपमान करणारे घरी जाऊन झोपतात. अपमान मात्र आपल्या घरी येऊन राहतो, आपल्याच ताटात जेवतो, आणि एक दिवस आपल्याच तोंडून बोलतो. मला चीड आली, बाईसाहेबांची नाही, त्या “नको” ची. मी पायरीवरची कात्री उचलली, माझ्या अंगावरच्या ओढणीचा कोपरा कापला आणि मासीला दिला. आईच्या देखत. आई बघत राहिली. तेव्हापासून माझ्या हातची एकही गोधडी माझ्या तुकड्याशिवाय गेलेली नाही, आणि तो मी आत घालत नाही. वर. मधोमध. ज्याला नको असेल त्यानं गोधडी घेऊ नये. पुष्कळांनी घेतली नाही. नसेना का.

आता तुझ्या निमंत्रणाचं. मंडळाच्या कार्यक्रमात मी बोलावं म्हणतेस. विषयही कळवलास, कला, संस्कृती आणि शाश्वत समाज. शब्द चांगले आहेत. मी शाळा अर्धी सोडलेली बाई, पण शाश्वत म्हणजे काय ते मला कळतं, टिकणारं. टिकावं, हे सगळ्यांनाच वाटतं. मी विचारते, काय टिकावं? ज्या समाजाला आमचे हात हवेत, टाका हवा, ओवी हवी, आणि आम्ही नको, तो टिकवायला मी एक दोरा देणार नाही. तो विरून जाऊ दे. फाटू दे. त्याचं ठिगळ मी होणार नाही, घरी माझी नात आहे, तिलाही होऊ देणार नाही.

मंडळ आता तसं राहिलं नाही, असं तू म्हणशील. खरं असेल. तू चांगली पोर आहेस, तुझ्यावर माझा विश्वास आहे. पण मंचावर मी येणार नाही. हार नको, शाल तर मुळीच नको. ज्यांना ऐकायचं असेल त्यांनी माझ्याकडे यावं. खुर्च्या नाहीत, जमिनीवर बसावं लागेल. सुई धरावी लागेल, नवऱ्यांनाही. येताना प्रत्येकानं स्वतःच्या अंगावरचं जुनं कापड आणावं, दुसऱ्याचं नको, आणि शेजारी कोण बसलंय हे विचारायचं नाही. जमत असेल तर या. नसेल जमत तर निरोपही नको.

तू मात्र ये. इतके महिने झाले, तोंड दाखवलं नाहीस. रविवारी ये, लवकर ये, उन्हं अंगणात असेपर्यंत. डोळे अधू झालेत माझे, सुईत दोरा ओवून द्यायला माणूस लागतं.